बिनतारी लहरी आणि आपलें शरीर



हल्लीं ज्या घरांत मोबाइल फोन नाहीं असें घर महाराष्ट्रांत शोधून काढणें कठीण झालें आहे. आणि त्या फोनविषयीं ज्या घरांत कसलेंच भय नाहीं, असें घर सांपडणेंहि तितकेंच कठीण. उशाशीं फोन ठेवूं नये, मेंदूंत गांठ होते. छातीच्या खिशांत ठेवूं नये, हृदय बिघडतें. शाळेजवळ मनोरा उभारूं देऊं नये, मुलांना कर्करोग होतो. चिमण्या नाहींशा झाल्या त्या मनोऱ्यांमुळेंच. अशीं विधानें आपण नित्य ऐकतों. मौजेची गोष्ट ही कीं, हीं सर्व विधानें एका घरांतून दुसऱ्या घरांत जातात तीं त्याच फोनवरून! आणि आज मी जें कांहीं सांगणार आहें, तें देखील आपणांपर्यंत तशाच लहरींवर बसून येत आहे.

मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. डॉक्टर नव्हें, पदार्थविज्ञानाचा पंडितहि नव्हें. मुलांना त्रैराशिक आणि प्राथमिक शास्त्र शिकविण्यांत उभा जन्म गेला, एवढेंच माझें भांडवल. परंतु या प्रश्नाचा निम्मा उलगडा त्रैराशिकानेंच होतो, अशी माझी खात्री आहे. उरलेला निम्मा ज्यांनीं वर्षानुवर्षें प्रयोग केले, रोग्यांच्या याद्या तपासल्या, त्यांच्याकडून घ्यावयाचा.

प्रथम एका शब्दाचा निकाल लावूं. वर्तमानपत्रांत फोनच्या लहरींना ‘किरणोत्सर्ग’ असें म्हणतात, आणि तारापूरच्या अणुभट्टींतील इंधनांतून जें बाहेर पडतें त्यालाहि ‘किरणोत्सर्ग’ असेंच म्हणतात. इंग्रजींतहि दोहोंना ‘रेडिएशन’ हा एकच शब्द आहे. एकाच शब्दानें वाघ आणि मांजर दोघांनाहि हांक मारावी, तसा हा प्रकार झाला. जात एक खरी, पण गोठ्यांत कोण शिरलें आहे तें हांकेवरून समजत नाहीं. वास्तविक देवघरांतील समईचा उजेड, चुलीपाशीं बसलें असतां अंगास लागणारी धग, सकाळचें कोंवळें ऊन, हे सर्वच या अर्थीं रेडिएशन होत. तेव्हां शब्दास भिण्याचें कारण नाहीं. जें आलें आहे तें कोणत्या प्रतीचें आणि किती, हें पाहिलें पाहिजे.

प्रत कशावरून ठरते? लहर एका सेकंदांत किती वेळां कंप पावते, यावरून. मध्यम लहरींवरील आकाशवाणी सेकंदाला सुमारें 5 लाख ते 16 लाख कंपनांवर चालते. एफ. एम. म्हणून जी केंद्रें आहेत तीं 8 कोटि 80 लाख ते 10 कोटि 80 लाखांच्या दरम्यान. मोबाइल फोन बहुधा 70 कोटींपासून साडेतीनशें कोटींपर्यंत. घरोघरचें वायफाय आणि ब्लूटूथ 240 कोटींच्या आसपास, आणि वायफायचा दुसरा पट्टा 500 कोटींच्या पुढें. या संख्या ऐकून छाती दडपते. पण आतां दिव्याच्या तांबड्या प्रकाशाची संख्या ऐका. ती सुमारें 4 कोटि कोटि आहे. म्हणजे वायफायच्या लहरीहून तांबड्या प्रकाशाची कंपनसंख्या जवळजवळ पावणेदोन लाख पट!

लहर आपली शक्ति सलग ओतीत नाहीं. ती लहान लहान पुडक्यांनीं देते, आणि कंपनसंख्या जितकी मोठी तितकें एकेक पुडकें जड. आपल्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याचा एखादा सांधा तोडावयाचा तर एकाच पुडक्यांत तेवढें बळ असावें लागतें. हलकीं पुडकीं हजारों आलीं तरी त्यांची बेरीज होऊन सांधा तुटत नाहीं. झाडावरची कैरी एका खड्यानें पडते. तिच्यावर दिवसभर कापसाचीं बोंडें फेंकलीं तरी ती जागची हालत नाहीं. क्ष-किरण आणि अणुभट्टींतील किरण हे खडे होत. सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरणहि बारीक खडेच आहेत, आणि त्यांपासून त्वचेचा कर्करोग होतो हें सिद्ध झालें आहे. फोनच्या लहरी हा कापूस आहे. अर्थात्, कापसाचा प्रचंड ढीग अंगावर कोसळला तर मनुष्य गुदमरेल, हें नाकारतां येत नाहीं. त्या ढिगाचा विचार पुढें करूं.

येथें इतिहासांतील एक योग सांगण्यासारखा आहे. 1895 या एकाच सालीं दोन प्रकारचे अदृश्य किरण जगापुढें आले. जर्मनींत राँटजेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले. आणि इकडे कलकत्त्यांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं बिनतारी लहरी भिंतींच्या पलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू उडवून दाखविली. बोसबाबूंच्या लहरी अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या होत्या. हल्लींच्या पांचव्या पिढीच्या फोनसेवेसाठीं ज्या अतिसूक्ष्म लहरींची चर्चा चालते, त्यांच्याच कुळांतल्या. आतां पहा, लोक कोणाला भ्याले? क्ष-किरणांना कोणीच भ्यालें नाहीं. युरोप-अमेरिकेंत तर 1920 नंतर कित्येक वर्षें जोड्यांच्या दुकानांतून क्ष-किरणांचीं यंत्रें मांडलेलीं असत, आणि नवा बूट पायांत नीट बसला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आया आपल्या मुलांचे पाय त्यांत हौसेनें घालीत. एडिसनचा एक साहाय्यक या किरणांवर काम करतां करतां हात गमावून 1904 सालीं मरण पावला, तरी ती हौस पुष्कळ वर्षें टिकली. जेथें भ्यावयास हवें होतें तेथें मनुष्य भ्याला नाहीं. म्हणून ‘लोक भितात’ किंवा ‘लोक भीत नाहींत’ हें कोणत्याच गोष्टीचें प्रमाण होऊं शकत नाहीं.

आतां कापसाच्या ढिगाकडे वळूं. बिनतारी लहरींचा शरीरावर होणारा जो परिणाम निर्विवाद आहे, तो म्हणजे उष्णता. 1945 च्या सुमारास अमेरिकेंत पर्सी स्पेन्सर नांवाचा यंत्रज्ञ रडारच्या नळीपाशीं काम करीत असतां त्याच्या खिशांतील खाऊ वितळला, आणि त्यांतून लहरींवर अन्न शिजविण्याची भट्टी निघाली, ही कथा प्रसिद्ध आहे. ती भट्टी आणि आपलें वायफाय एकाच कंपनसंख्येच्या शेजारांत राहतात. हें ऐकून एका गृहस्थांनीं मला विचारलें, “म्हणजे मास्तर, आमचें डोकें भट्टींत आहे म्हणा कीं!” मीं त्यांस म्हटलें, “तुमची शेगडी आणि तुमची उदबत्ती, दोन्ही विस्तवच ना?” भट्टींत सातआठशें वॅट शक्ति एका बंद लोखंडी पेटींत कोंडलेली असते. वायफायच्या पेटीची शक्ति साधारणपणें एक दशांश वॅट, तीहि खोलीभर पसरलेली. चौथ्या पिढीचा फोन फार तर एक पंचमांश वॅट शक्ति बाहेर टाकतो. आणि आपण स्वस्थ बसलों असतां आपलें स्वतःचें शरीर सुमारें शंभर वॅट उष्णता निर्माण करीत असतें. कानाशीं फोन धरून पूर्ण शक्तीनें बोललें तरी मेंदूच्या तेवढ्या भागाचें तपमान एक दशांश अंशाच्या आसपास वाढेल, असा हिशेब आहे. उन्हांतून बाजारास जाऊन आलें तर त्याहून अधिक वाढतें. बोलतांना कान तापतो तो मुख्यतः फोनची बॅटरी तापल्यामुळें आणि कानाला वारा न लागल्यामुळें.

सरकारनें जी मर्यादा घातली आहे तिचा पाया हाच आहे. सबंध शरीराच्या दर किलोग्रॅममागें 4 वॅट शोषले गेले तर शरीराचें तपमान सुमारें एक अंशानें वाढूं लागतें. सामान्य जनतेसाठीं आंतरराष्ट्रीय मर्यादा याच्या पन्नासावा भाग, म्हणजे 0.08 वॅट, ठेविलेली आहे. फोन शरीराच्या एकाच भागाशीं चिकटून असतो, म्हणून त्याच्यासाठीं निराळें माप आहे. आपल्या देशानें 2012 सालापासून तें दर किलोग्रॅमला 1.6 वॅट असें ठरविलें, आणि तेंहि एकेका ग्रॅम मांसावर मोजून. त्याच सालीं मनोऱ्यांसाठीं तर आपण आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा घालून घेतली.

मनोरा म्हटला कीं गांवोगांवीं भांडण. म्हणून येथें त्रैराशिकाहून थोडें पुढें जाऊं. समईपासून एक हातावर पोथी धरली तर अक्षर स्वच्छ दिसतें; दोन हातांवर धरली तर उजेड निम्मा होत नाहीं, चतुर्थांश होतो; तीन हातांवर नवमांश. लहरींचाहि हाच कायदा आहे. समजा, मनोऱ्यावरील एका अँटेनाची शक्ति 20 वॅट आहे आणि ती एकाच दिशेस पन्नास पटींनीं एकवटलेली आहे. म्हणजे त्या दिशेपुरती ती 1000 वॅटच्या दिव्यासारखी वागते. तिच्या झोंतांत बरोबर समोर, 50 मीटरवर उभ्या असलेल्या मनुष्यापाशीं दर चौरस मीटरला सुमारें 0.03 वॅट पोंचतात. 100 मीटरवर 0.008. आपल्या देशानें 2012 सालीं घातलेली मर्यादा या जातीच्या लहरींसाठीं, म्हणजे सेकंदाला 90 कोटि कंपनांसाठीं, 0.45 वॅट आहे. एका मनोऱ्यावर पुष्कळ अँटेना असतात, त्यांची बेरीज करावी लागते, हें खरें. पण ती करूनहि बहुधा अंतर मोठेंच उरतें. आणि झोंत आडवा जात असल्यामुळें मनोऱ्याच्या ऐन पायथ्याशीं तो उलट क्षीण असतो. दीपस्तंभाच्या खालीं अंधार असतो, त्यांतलाच हा प्रकार.

आतां फोनकडे पहा. त्याची शक्ति मनोऱ्याच्या मानानें क्षुल्लक. परंतु तो पन्नास मीटरवर नसतो, कानाला लागलेला असतो. इतक्या जवळ समईचा कायदा तंतोतंत लागू पडत नाहीं, तरी कानापासून वीतभर दूर धरतांच मात्रा झपाट्यानें उतरते, आणि कानाशीं धरतांच तितक्याच झपाट्यानें चढते. फोनवर बोलणाऱ्या मनुष्याला स्वतःच्या फोनपासून जी मात्रा मिळते ती शेजारच्या मनोऱ्यापासून मिळणाऱ्या मात्रेच्या पुष्कळ पटींनीं अधिक असते. आणि खरी मेख पुढेंच आहे. फोन नेहमीं सारख्याच जोरानें बोलत नाहीं. मनोरा जवळ असला तर तो कुजबुजतो. दूर असला, मध्यें डोंगर किंवा जाड भिंत असली, तर ओरडतो. या कुजबुजीचें आणि ओरडण्याचें अंतर हजार पटींहूनहि अधिक असूं शकतें. तात्पर्य, मनोरा हांकलून देऊन आपण मुलाच्या कानाशीं असलेल्या फोनला ओरडावयास लावतों!

आमच्या तालुक्याच्या गांवीं हा प्रसंग मीं डोळ्यांनीं पाहिला. शाळेजवळच्या एका इमारतीवर मनोरा होता. पालकांची सभा भरली, घोषणा झाल्या, आणि शेवटीं तो काढावा असें ठरलें. मीं उठून एवढेंच विचारलें कीं, या सभेंत किती जणांच्या खिशांत फोन आहे? सगळे हंसले, पण ठराव झाला तो झालाच. मनोरा गेला. गांवांतल्या मंडळींनीं गच्चीवर जाऊन बोलण्याची संवय लावून घेतली. खरा फटका बसला तो ओढ्यापलीकडच्या दोन वाड्यांना. त्यांना त्या मनोऱ्याचाच कायतो आधार होता. आपल्या राज्यांत 2014 सालापासून 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. रात्रीं एखाद्या बाईच्या पोटांत कळा सुरू झाल्या, किंवा भाताच्या खाचरांत कोणाला सर्प चावला, तर त्या वाडीवरच्या माणसानें फोन हातीं धरून टेकडी चढावयाची, हा आतां तेथील शिरस्ता झाला आहे. पालकांची काळजी खोटी होती असें मी म्हणत नाहीं. मुलाविषयींची काळजी कधींच खोटी नसते. परंतु तिचा भार कोणाच्या पाठीवर पडला, याचा हिशेब त्या सभेंत कोणीं मांडला नाहीं.

येथपर्यंत झालें तें गणित. पण कोणी म्हणेल, गणित राहूं द्या, कर्करोग होतो कीं नाहीं तें सांगा. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर एका शब्दांत देणारा मनुष्य विश्वासूं नये.

31 मे 2011 या दिवशीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें, फ्रान्सांतील ल्यों शहरीं 14 देशांच्या 31 शास्त्रज्ञांस बोलावून, या लहरींना ‘2-ब’ या वर्गांत घातलें. या वर्गाचा अर्थ ‘कदाचित् कर्करोगकारक’ असा होतो. म्हणजे पुरावा अपुरा आहे, पण शंका पुरती फिटलेली नाहीं. याच वर्गांत कोरफडीच्या सबंध पानाचा अर्क आहे, आणि पूर्व आशियांतील जुन्या पद्धतीनें मुरविलेल्या भाज्याहि आहेत. आपल्याकडे मात्र ‘जागतिक संघटनेनेंच सांगितलें’ एवढेंच पसरलें. त्याच संस्थेच्या पहिल्या वर्गांत, म्हणजे मनुष्यास कर्करोग करतें हें सिद्ध झालें आहे अशांच्या पंक्तींत, तंबाखू आहे, मद्य आहे, आणि आपली घरोघरची सुपारीहि आहे. मनोऱ्याविरुद्धच्या त्या सभेंत अडकित्ता हातोहात फिरत होता, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

पुरावा अपुरा म्हणजे कसा, तेंहि पहा. 13 देशांत मिळून मेंदूच्या गांठींच्या रोग्यांची एक मोठी चौकशी झाली. तिचा निष्कर्ष 2010 सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं एकंदर 1640 तासांहून अधिक वेळ फोन कानाशीं धरला होता, अशा सर्वांत बोलक्या दशांश लोकांत एका जातीच्या गांठीचें प्रमाण 1.4 पट दिसलें. हा आंकडा सर्वतोमुखीं झाला. परंतु त्याच चौकशींत, फोन नियमित वापरणाऱ्या सर्व लोकांचा एकत्र विचार केला तर त्यांच्यांत त्या गांठी न वापरणाऱ्यांपेक्षां कमी आढळल्या, हा आंकडा कोणी सांगत नाहीं. पहिल्यावरून फोन विष ठरवावा, तर दुसऱ्यावरून तो औषध ठरेल! दोन्हीहि खरें नव्हे. रोगी मनुष्याला दहा वर्षांपूर्वीं किती तास बोललों हें विचारलें म्हणजे तो आपल्या दुखण्याचें कारण शोधीत शोधीत उत्तर देतो. कांहींनीं तर दिवसाचे इतके तास सांगितले कीं ते संभवनीयच वाटेनात. निरोगी माणसांपैकीं चौकशीला येणारे बहुधा फोन बाळगणारेच होते. स्मृति आणि निवड यांचा दोष असा दोन्ही बाजूंनीं शिरतो.

म्हणून पुढें, आधीं निरोगी माणसांची नोंद करून मग वर्षानुवर्षें वाट पाहण्याची रीत वापरली गेली. ब्रिटनमधील पावणेआठ लाख स्त्रियांच्या अशा एका पाहणीचा निकाल 2022 सालीं आला. फोन वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांत मेंदूच्या गांठींचें प्रमाण सारखेंच भरलें. या पाहणींत फार बोलणाऱ्या बायका थोड्या होत्या, ही तिची उणीव नमूद केली पाहिजे. मुलांविषयीं आपणांस अधिक चिंता असते, व ती अस्थानीं नाहीं. लहान मुलाची कवटी पातळ असते. 14 देशांतील 10 ते 24 वर्षें वयाच्या सुमारें 900 रोग्यांची चौकशी 2021 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तींतहि फोनशीं संबंध दिसला नाहीं. आणि 2024 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सोंपविलेल्या कामांतून 22 देशांतील 63 अभ्यासांची एकत्र छाननी झाली. मेंदूचा कर्करोग आणि मोबाइल फोन यांचा संबंध तिलाहि आढळला नाहीं. मला याहूनहि बोलका वाटतो तो साधा आंकडा असा कीं, गेल्या तीस वर्षांत फोन शून्यांतून अब्जावधींवर गेले. ते जर मेंदूंत गांठी करीत असते, तर रोग्यांची रांग एव्हांना रुग्णालयाच्या बाहेर आली असती. ज्या देशांत रोगांची नोंद चोख ठेवितात तेथें ती रांग लांबलेली दिसत नाहीं.

उंदरांचें काय? हा प्रश्न जाणते लोक विचारतात. अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळांनीं 2018 सालीं अहवाल दिला कीं, दिवसाला सुमारें नऊ तास, दोन वर्षेंपर्यंत, सर्वांगावर लहरी सोडलेल्या नर उंदरांत हृदयाची एक विरळा गांठ अधिक आढळली. इटलींतील एका संस्थेनेंहि त्याच सालीं तशाच गांठींचें वृत्त दिलें. अमेरिकेंतील मात्रा दर किलोग्रॅमला दीडपासून सहा वॅटपर्यंत होती. म्हणजे जनतेसाठीं सर्वांगाच्या ज्या मर्यादेचा मीं उल्लेख केला, तिच्या 19 ते 75 पट. माद्यांत तें स्पष्ट दिसलें नाहीं. आणि विचित्र गोष्ट ही कीं, लहरी खाल्लेले नर न खाल्लेल्यांपेक्षां अधिक जगले. या प्रयोगांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि तो उगाच मिटल्याचें भासविणें हें शास्त्राला सोडून होईल.

आतां डोकेदुखीकडे येऊं. घरासमोर मनोरा उभा राहिल्यापासून डोकें दुखतें, झोंप लागत नाहीं, छातींत धडधडतें, असें सांगणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. तीं खोटें बोलत नाहींत. दुखणें खरें असतें. शंका आहे ती कारणाविषयीं. अशा माणसांना खोलींत बसवून, यंत्र चालू आहे कीं बंद हें न त्यांना न प्रयोग करणाराला ठाऊक, अशा रीतीनें अनेक देशांत प्रयोग झाले. 2005 सालीं अशा 31 प्रयोगांचा, मिळून 725 माणसांचा, एकत्र आढावा घेतला गेला. लहर केव्हां चालू आहे हें त्यांस ओळखतां आलें नाहीं, आणि यंत्र बंद असतांहि त्यांचें डोकें दुखलेंच. 2013 सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. लंडनमध्यें 147 माणसांपैकीं कांहींना वायफायच्या धोक्यांविषयींचा बोलपट दाखविला, इतरांना दुसराच. नंतर सर्वांना सांगितलें कीं, आतां पंधरा मिनिटें तुमच्यावर वायफाय सोडतों. सोडलें कांहींच नाहीं! तरी निम्म्याहून अधिक माणसांनीं आपणांस त्रास झाल्याचें सांगितलें, आणि ज्यांनीं भयाचा बोलपट पाहिला होता त्यांच्यांतील भित्र्या स्वभावाच्या मंडळींना तो अधिक झाला. भय हें स्वतः दुखणें उत्पन्न करूं शकतें.

यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं, आणि म्हणूनच मी ही गोष्ट लांबवून सांगत आहें. आमच्या ओळखीच्या एका बाईंचें डोकें असेंच दुखूं लागलें. समोर मनोरा, कारण आयतेंच सांपडलें. खिडक्यांना जाड पडदे झाले, जाळ्या झाल्या, रेडिएशन शोषून घेतो म्हणून विकलेला एक दगड झाला. वर्ष गेलें. पुढें दुसऱ्याच निमित्तानें डॉक्टरांनीं हाताला पट्टा बांधला, तेव्हां रक्तदाब किती तरी वाढलेला निघाला. औषध सुरू झालें. डोकेदुखी बरीच उतरली, अजून अधूनमधून उठते. मधल्या वर्षांत त्या बाईंना अर्धांगाचा झटका आला नाहीं हें नशीब. मनोऱ्यानें त्यांचें कांहीं बिघडविलें नाहीं. मनोऱ्याच्या भयानें मात्र एक वर्ष बिघडविलें.

ते दगड, त्या चकत्या, फोनच्या पाठीस चिकटवावयाच्या त्या सोनेरी टिकल्या यांविषयीं एकच सांगतों. 2020 सालीं तर शेणाची चकतीहि या कामीं पुढें आली होती आणि शेंकडों शास्त्रज्ञांनीं पुरावा मागितला होता. टिकलीनें लहरी अडत नसतील तर पैसे गेले. अडत असतील तर फोनला मनोरा ऐकूं येणार नाहीं, आणि तो अधिक जोरानें ओरडेल. दोहोंपैकीं कोणतेंहि खरें असो, लाभ दुकानदाराचा.

चिमण्यांविषयीं थोडक्यांत. नाशिकच्या पक्षिप्रेमींनीं 2010 सालापासून 20 मार्च हा चिमणी दिन म्हणून सुरू केला, हें कार्य उत्तम. परंतु देशभरांतील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून 2020 सालीं जो अहवाल निघाला त्यांत चिमण्या एकंदर देशांत पंचवीस वर्षें स्थिर असल्याचें आढळलें. घट झाली ती मोठ्या शहरांत. कौलांच्या वळचणी गेल्या, परसांतले किडे गेले, अंगणांत निवडण-टिपण करणारीं माणसें गेलीं; चिमणीनें रहावें कोठें आणि पिलांस भरवावें काय? मनोऱ्यावर खापर फोडलें कीं हे प्रश्न सुटल्यासारखे वाटतात. करोनाच्या सांथीची गोष्टहि तशीच. 2021 च्या मे महिन्यांत आपल्याकडे अफवा उठली कीं, पांचव्या पिढीच्या लहरींनीं सांथ पसरते. आणि आपल्या देशांत ती सेवा सुरू झाली 1 ऑक्टोबर 2022 रोजीं!

मग सावधगिरी बाळगूंच नये काय? अवश्य बाळगावी, पण जेथें तिला अर्थ आहे तेथें. ज्यांच्या छातींत हृदयाची गति राखणारें यंत्र बसविलेलें आहे, त्यांनीं फोन त्या बाजूच्या खिशांत ठेवूं नये. निदान वीतभर अंतर राखावें. हा धोका कल्पनेंतला नव्हे. फोनमधील लोहचुंबकानेंहि तें यंत्र गोंधळूं शकतें. लांबलचक बोलणें असेल तर कानाशीं न धरतां दूर ठेवून बोलावें. डोंगराआड, लिफ्टमध्यें, धांवत्या आगगाडींत फोन ओरडत असतो, तेव्हां बोलणें आंखडतें घ्यावें. फ्रान्सनें 2015 च्या कायद्यानें तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांत वायफाय ठेवूं नये असें ठरविलें. त्यांत शास्त्रापेक्षां मनाच्या समाधानाचा भाग अधिक असावा असें मला वाटतें, पण तान्ह्या मुलाचें त्यावांचून कांहीं अडत नाहीं, हेंहि खरें.

आणि वाहन चालवितांना फोन मुळींच नको. फोनवर बोलणाऱ्या चालकाच्या हातून अपघात होण्याचा संभव सुमारें चौपट असतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. येथें ‘कदाचित्’ नाहीं, ‘2-ब’ नाहीं. कानांत दोरी घालून बोललें तरी यांत फारसा फरक पडत नाहीं, कारण गुंततें तें चित्त. मनोऱ्याविरुद्ध मोर्चा काढून फटफटीवरून घरीं परततांना खांदा आणि कान यांच्यामध्यें फोन दाबून धरलेले गृहस्थ मीं स्वतः पाहिले आहेत. उशाशीं ठेवलेल्या फोनविषयींहि असेंच. त्याच्या लहरी मेंदूला काय करतात तें सोडा. रात्रीं बारापर्यंत त्याचा पडदा मुलाच्या डोळ्यांपुढें असतो, त्यानें झोंप जाते. सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारीं मुलें मीं नोकरीच्या अखेरच्या वर्षांत वाढतांना पाहिलीं. त्यांच्या घराजवळ मनोरा होता कीं नव्हता, यावरून त्यांत भेद पडत नसे.

ज्यांचें समाधान अजून झालें नसेल, त्यांच्यासाठीं दोन पत्ते देतों. आपल्या फोनवर तारका, चौकट, शून्य, सात आणि पुन्हा चौकट अशीं चिन्हें दाबलीं कीं त्या फोनचें शोषणाचें माप बहुधा पडद्यावर उमटतें, तें 1.6 च्या आंत आहे कीं नाहीं तें पहावें. आणि घराजवळच्या मनोऱ्याविषयीं शंका असेल तर केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यानें 2017 सालीं ‘तरंग संचार’ नांवाची व्यवस्था सुरू केली आहे. तेथें त्या मनोऱ्याची माहिती पाहतां येते, आणि शुल्क भरल्यास खात्याचीं माणसें येऊन प्रत्यक्ष मोजमाप करून देतात. त्यांच्यासमोर उभे राहून यंत्रावरील आंकडा स्वतः वाचावा, व तो वहींत उतरून घ्यावा. आमच्या गांवच्या त्या वाड्यांनीं मनोरा परत मिळावा म्हणून अर्ज केला आहे. त्याची सभा पुढील महिन्यांत आहे, आणि या वेळीं ठरावाच्या आधीं मोजमापाचा कागद मागवावा, अशी सूचना मीं लेखी देऊन ठेविली आहे.